जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी? आमच्या दारातल्या झेन आणि सॅन्ट्रोबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर लेख आला होता, त्यात शेवटी असं होतं की पंधरा-वीस वर्षांच्या छोट्या गाड्या सगळ्या एकाच लायकीच्या, कुठलीही असो, दारातून काढा आणि मोकळे व्हा. लेख तसा चांगला होता, रजिस्ट्रेशनच्या फीचे आकडे वगैरे बरोबर दिले होते, पण हे एक वाक्य वाचून मला राहवलं नाही. आमच्या गोव्यातल्या मयेच्या घरासमोर आंब्याखाली दोन जुन्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, एक १९९६ ची मारुती झेन आणि एक २००१ ची ह्युंदाई सॅन्ट्रो, दोन्ही मी चालवतो, बायको पण चालवते, आणि या दोघी सारख्याच असं जो म्हणतो त्याने एकाच दिवशी एकाच रस्त्यावर दोन्ही कधी चालवल्या नसणार.

हा विषय आमच्या घरात सध्या रोजचा झालाय त्याला कारण आहे. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन पुढे वाढवायची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या कारला ती १०,००० केली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावं लागतं आणि आमच्या दोघींची पाच वर्षं नेमकी या वर्षाच्या शेवटी संपतात, झेनची नोव्हेंबरात, सॅन्ट्रोची डिसेंबरात. म्हणजे नुसती फीच २०,००० आणि वर ग्रीन टॅक्स, इन्शुरन्स, पासिंगला नेण्याआधीची रिपेरी. त्यात मुलगा नोकरीला लागलाय, तो स्वतःची गाडी घेणार, अंगणात जागा किती असणार. तर दोघींतली एकच ठेवायची असं ठरलं, आणि मग प्रश्न आला कुठली. तुमच्या लेखाप्रमाणे नाणं उडवून ठरवलं तरी चाललं असतं. आम्ही तसं केलं नाही, गेले आठ-नऊ महिने आम्ही मुद्दाम लक्ष देऊन दोन्ही चालवतोय आणि जे दिसलं ते लिहितो, म्हणजे आमच्यासारखे जे लोक आता या फीमुळे विचारात पडलेत त्यांना उपयोग होईल.

आधी दोघींबद्दल थोडं, कारण आताच्या विशीतल्या पोरांना या गाड्या नावानेच माहीत. झेन आली १९९३ ला. तोपर्यंत छोटी गाडी म्हणजे मारुती ८००, तीन सिलिंडर, चार गिअर. झेनला चार सिलिंडरचं ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन आणि पाच गिअर, ताकद ५० हॉर्सपॉवर, आज हा आकडा ऐकून हसतील पण गाडीचं वजन आठशे किलोच्या आत होतं हे लक्षात घ्या. सॅन्ट्रो पाच वर्षांनी, १९९८ ला, चेन्नईजवळच्या नव्या कारखान्यातून. शाहरुख खानची जाहिरात आठवत असेल अनेकांना. ९९९ सीसी, ५५ हॉर्सपॉवर, सिलिंडरला तीन तीन व्हॉल्व्ह आणि पहिल्या दिवसापासून फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते सेन्सरवरून ठरतं. आमच्या झेनला कार्ब्युरेटर आहे, तिथे पेट्रोल नुसतं हवेच्या ओढीने येतं, झेनला इंजेक्शन नंतर आलं, तेव्हा ताकद ६० झाली, पण ते आमच्या मॉडेलला नाही. म्हणजे इंजिनं जवळजवळ एकाच मापाची, लांबीला दोघी साधारण साडेतीन मीटर, मग फरक कुठे? फरक उंचीत. झेन साधारण १,४०० मिलिमीटर उंच आणि सॅन्ट्रो १,५९०. वीतभर म्हणा ना. या वीतभर उंचीमुळे एकीत आपण गाडीच्या आत शिरतो आणि दुसरीत खुर्चीवर बसल्यासारखे बसतो, आणि चालवण्यातले बाकीचे निम्मे फरक याच एका गोष्टीतून येतात असं माझं मत झालंय.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर एका रविवारी आम्ही दोन्ही गाड्या घेऊन चोर्ला घाटात गेलो. आदल्या दिवशी दोघींच्या टाक्या एकाच पंपावर भरल्या, हवा मारली, साखळीवरून केरीला, अंजुणे धरणाच्या बाजूने वर. मी झेनमध्ये, बायको आणि मुलगा सॅन्ट्रोत मागे. घाट लागेपर्यंत काही विशेष नाही, सपाटीवर दोघी सारख्याच पळतात, उलट सॅन्ट्रो जास्त शांत. चढ सुरू झाला तसा झेनचा स्वभाव बाहेर यायला लागला. झेनची ताकद वरच्या आरपीएमला आहे, म्हणजे इंजिन जोरात फिरतं तेव्हा, खाली नाही. म्हणजे थर्डमध्ये आळस करून चढवायला गेलात की ती गुडघ्यातून बसते, सेकंड टाकलात, इंजिनाला गाऊ दिलंत की अशी सुटते की सीसी विसरायला होतं. घाट चढताना माझा डावा हात गिअरवरून हललाच नाही म्हटलं तरी चालेल, पण त्यात कष्ट वाटत नाहीत, गिअर छोटे छोटे पडतात, क्लच हलका, आणि स्टेअरिंगला पॉवर नाही तरी चालत्या गाडीत ते हलकंच असतं कारण नाक हलकं. मुख्य म्हणजे त्या स्टेअरिंगमधून रस्ता हातात येतो. खडी आली कळतं, ओल आली कळतं, टायर कुठे सुटायला लागलाय ते सुटायच्या आधी कळतं. हेअरपिनला ती वळते तिथेच, कलत नाही म्हणजे कलते पण इतकी थोडी की पाठीला जाणवत नाही. आपण जिकडे बघतो तिकडे ती जाते.

वर चोर्ला गावाजवळ चहाला थांबलो तेव्हा बायकोला विचारलं, तर ती म्हणाली मी अख्खा घाट एसी लावून चढले आणि जास्त करून थर्डमध्येच. हे खरं आहे, मी आरशात बघत होतो, तिचं अंतर कुठेच वाढलं नाही. सॅन्ट्रोचं इंजिन खालूनच ओढतं, इंजेक्शनमुळे पाय ठेवला की लगेच उत्तर येतं, गाडी दमलीय असं वाटत नाही. झेनमध्ये एसी लावून चढायचं म्हणजे एक माणूस मागे दोरीने ओढतोय असं होतं, वळणाच्या आधी मी एसी बंद करतो, वळण काढतो, परत लावतो, ही सवयच झालीय. घाटमाथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर, तिथे हवा जरा विरळ होते, इंजेक्शनची गाडी पेट्रोल त्या हिशेबात स्वतः कमी करते, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्यामुळे वर गेल्यावर झेन किंचित जड वाटते हेही त्या दिवशी नीट जाणवलं. म्हणून चढाला गुण द्यायचे तर मी मनापासून सॅन्ट्रोला देतो, झेन चढवायला मजा जास्त पण काम जास्त, आणि मागे चार माणसं असली की मजा जाते आणि काम राहतं.

मग गाड्या बदलल्या. उतरताना मी सॅन्ट्रोत, बायको झेनमध्ये. मी सॅन्ट्रो रोजच्या बाजाराला, आईला नेण्या-आणण्याला चालवतो पण घाट उतरवायला बहुतेक झेनच घेतो, त्यामुळे हा फरक मला इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता. सॅन्ट्रो वळणावर आधी कलते आणि मग वळते. एकटं वळण असलं तर काही नाही, पण चोर्ल्याला डावं-उजवं-डावं अशी वळणं लागोपाठ आहेत तिथे एका बाजूला गेलेलं वजन परत यायच्या आत दुसरं वळण येतं आणि मग ती डोलायला लागते. ती सुटत नाही, हे मी मुद्दाम लिहितो, माझ्या हातून ती कधी रस्ता सोडून गेलेली नाही, पण ती तुम्हाला सांगते की हळू चला आणि तिचं ऐकावं लागतं. पॉवर स्टेअरिंग बोटभर जोराने फिरतं, पार्किंगला देवासारखं, पण घाटात त्याच हलकेपणामुळे पुढच्या चाकांखाली काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. खाली केरीला थांबलो तेव्हा बायको झेनमधून उतरून म्हणाली, कंबर दुखली, पण वळणावर एकदाही धाकधूक झाली नाही. ती वीस वर्षं सॅन्ट्रोची बाजू घेणारी बाई आहे, तिच्या तोंडून हे आलं म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

दोन्ही गाड्यांना पुढे डिस्क मागे ड्रम. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाही. हे आधीच सांगायला हवं होतं कदाचित. आजच्या गाडीशी सुरक्षिततेत यांची तुलनाच होऊ शकत नाही, आणि तुमच्या लेखात तो मुद्दा होता तो मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच आम्ही या गाड्या महामार्गावर लांब नेत नाही, ऐंशीच्या वर काटा जाऊ देत नाही आणि मागच्या सीटवर पण बेल्ट लावायला लावतो.

ब्रेकचं एक मात्र स्वतःच्या अनुभवाने सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी बेळगावहून अनमोड घाटाने येत होतो, सॅन्ट्रो भरलेली, पाच माणसं, डिकीत सामान, पुढे मोठे ट्रक, सतत ब्रेकवर पाय. मोले दिसायच्या आधी पेडल मऊ लागायला लागलं, आणखी थोडं गेल्यावर जवळजवळ खाली टेकायला लागलं. फर्स्ट टाकून, हॅन्डब्रेक ओढत गाडी कशीबशी बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो, ब्रेक थंड झाले तसं पेडल परत आलं. त्यात गाडीचा दोष नव्हता. ब्रेकचं ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, ओल आत शिरली की ते कमी उष्णतेला उकळतं, उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला की बुडबुडेच दबतात, ब्रेक लागत नाही. गोव्यासारख्या दमट हवेत हे दोन वर्षांत बदलायलाच पाहिजे. त्याच्या महिनाभर आधी एका गॅरेजला विचारलं होतं तर म्हणाले ऑइल भरपूर आहे, बदलायची गरज नाही, आणि मी पण भरपूर म्हणजे चांगलं असं समजून चाललो. तेव्हापासून दोन्ही गाड्यांची तारीख मी डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदावर लिहून ठेवतो. सॅन्ट्रो जड आहे, उंच आहे, तिच्यात माणसं जास्त बसतात, म्हणून घाट उतरताना तिच्या ब्रेकवर काम जास्त पडतं, हे सॅन्ट्रोवाल्यांनी लक्षात ठेवावं. उतार ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरवायचा, सेकंडमध्ये इंजिनच गाडी धरतं, पाय मोकळा राहतो.

आता घाट रोज कोण जातो. आमचा रोजचा रस्ता म्हणजे मयेहून चोडण, तिथून फेरीने रायबंदर आणि मग पणजी. फेरीत गाडी चढवणं ही गोव्याच्या बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही अशी परीक्षा आहे. भरती असली तर फेरीची फळी रस्त्याला समान लागते, काही प्रश्न नाही. सुकती असली की धक्क्याचा उतार लांब आणि उघडा पडतो, खालचा भाग शेवाळलेला, चिखल, आणि पलीकडे उतरताना तोच चढ. पुढे-मागे स्कूटरवाले उभे, मध्ये पेडल, क्लच आणि हॅन्डब्रेक यांच्यात गाडी तोलायची. इथे झेन मला घाबरवते. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या, चढावर वजन मागे सरकतं, झेनचं नाक आधीच हलकं, त्यात तिला खालून ताकद नाही म्हणून आरपीएम वाढवून क्लच सोडावा लागतो, आणि मग ओल्या शेवाळावर पुढचं चाक नुसतं फिरतं. दोनदा माणसांनी ढकलून काढलीय. सॅन्ट्रोचा क्लच सोडत गेलं की ती ॲक्सिलरेटर न दाबता पण पुढे सरकायला लागते, हळू, बैलासारखी, आणि धक्का चढून जाते. बायको साखळीच्या शाळेत शिकवते पण शनिवारी माहेरी रायबंदरला जाते, तिने फेरीत गाडी चढवताना आजपर्यंत एकदाही माणूस बोलावलेला नाही. मी तिला विचारलं कसं काय, तर म्हणाली मला काही करावंच लागत नाही. उंच बसल्यामुळे तिला फळीची कड दिसते हाही फायदा, झेनमध्ये बोनेटपलीकडचं सगळं अंदाजाने.

पुलांवर उलटं. पणजीला मांडवीवरचा अटल सेतू २०१९ ला सुरू झाला, झुवारीचा नवा पूल २०२२ च्या शेवटी, दोन्ही उंच, केबलवरचे, आणि जून-जुलैत तिथे वारा कसा येतो ते रोज जाणाऱ्यांना माहीत आहे. त्या वाऱ्यात सॅन्ट्रोची उंच बाजू शिडासारखी होते. एकदा मागच्या जुलैत अटल सेतूवर शेजारून मोठी बस पुढे गेली, बसच्या आडोशाला होतो तोपर्यंत ठीक, बस गेली आणि वारा एकदम लागला तशी गाडी हातभर सरकली. झेन त्याच पुलावर त्याच वाऱ्यात पोटावर चालल्यासारखी जाते. हलकी असून! मला आधी वाटायचं वजन कमी म्हणजे वाऱ्याला जास्त हलणार, पण वाऱ्याला धरायला तिच्याकडे अंगच नाही.

पावसातल्या ब्रेकला मात्र झेनच्या हलकेपणाची किंमत आहे. एकटा माणूस बसलेला, मागे कोणी नाही, जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि शेपटी हलकी होते, ओल्या रस्त्यावर ती जराशी बाजूला येते. आमच्याकडचे पहिल्या पावसाचे दिवस सगळ्यात वाईट, रस्त्यावर उन्हाळ्याचं तेल, धूळ आणि वर लाल मातीचा चिखल. त्या आठवड्यात मी झेन काढतच नाही.

टायरचं पण याच ठिकाणी सांगतो. मध्ये एका टायरवाल्याने मला झेनला १४५ मिलिमीटर रुंदीच्या ऐवजी जास्त रुंद टायर घ्यायला लावले, ग्रिप वाढेल, गाडी भारी दिसेल. ग्रिप कोरड्यात थोडी वाढली असेल. पण स्टेअरिंग एकदम जड झालं, पूर्ण वळवलं की आत घासायला लागलं, पिकप गेला, आणि ज्यासाठी झेन झेन आहे तो हातातला रस्ताच गेला. दीड वर्ष मी ही गाडी म्हातारी झाली असं म्हणत फिरत होतो. टायर झिजल्यावर परत १४५ घातले आणि गॅरेजमधून बाहेर पडल्या पडल्या पहिल्या वळणालाच माझी जुनी गाडी मला परत मिळाली. त्यामुळे कोणी जुन्या झेनची टेस्ट ड्राइव्ह घेऊन ही गाडी काही वळत नाही असं म्हणालं तर आधी टायरची साइझ बघा, मग लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याचे रबर) बघा, मग शॉकॉप म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर, आणि मग गाडीला नाव ठेवा. सॅन्ट्रोचं पण तसंच, तिचं डोलणं थोडं स्वभावाचं असतं आणि थोडं गेलेल्या शॉकॉपचं. आमचे मागचे दोन बदलले तेव्हा ती निम्मी शांत झाली.

घरातल्या माणसांचं मत विचाराल तर ते एकतर्फी आहे. आई ८१ वर्षांची, गुडघे दोन्ही दुखतात. झेनमध्ये बसायचं म्हणजे तिला आधी खाली बसावं लागतं आणि उतरताना दोन माणसांनी हात द्यावा लागतो. सॅन्ट्रोची सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते, ती दरवाजा धरते, बसते, पाय आत घेते, झालं. बांबोळीला चेकअपला न्यायचं तर दुसरा विचारच नाही. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या आराशीचं, सामान आणायचं तर मागची सीट पाडली की नारळांचा घोस, सुपारीचे शिपटे, केळीचा घड, सगळं उभं राहतं, झेनमध्ये केळ्याचा घड आडवा ठेवावा लागतो आणि निम्मी केळी काळी पडतात. मागे तीन मोठी माणसं झेनमध्ये डोकं वाकवून बसतात. ही तक्रार ऐकत मी वीस वर्षं काढली आणि ती खरी आहे.

खर्चाचं थोडक्यात. आमच्या वापरात झेन लिटरला पंधरा-सोळा देते, सॅन्ट्रो तेरा-चौदा. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, तर ॲव्हरेज थोडं पडणारच, तेवढं सोसता येतं. पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील, कार्ब्युरेटरमधले वॉशर त्या पेट्रोलसाठी केलेले नव्हते आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. झेन पंधरा दिवस उभी राहिली की पहिल्या दिवशी अडखळते, गेल्या वर्षात मेस्त्रीने कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला आणि पेट्रोलचे सगळे पाइप बदलले. हे प्रत्येक कार्ब्युरेटरवाल्याने करावं, हातभर रबराचा प्रश्न आहे पण इंजिनाच्या वर पेट्रोल गळलं तर आग लागते. पावसात प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल जाते, ती पुसायला मी एक कोरडं फडकं गाडीत ठेवतो. सॅन्ट्रोला हे लाड नाहीत, पण तिचं काही बिघडलं तर ते डोळ्यांनी दिसत नाही, सेन्सर असतो, वायर असते, मशीन लावणारा माणूस शोधावा लागतो. झेनचं बहुतेक दुखणं आमच्या मेस्त्रीला कानाने कळतं. टायमिंग बेल्ट दोघींनाही वेळेवर बदलायचाच, त्यात दोघींत फरक नाही.

मग कुठली? गेले काही महिने मी हे रोज मनात फिरवतोय. फक्त माझ्यासाठी, एकट्याने गाडी चालवायचीय, रस्ता वळणाचा आहे, हवा कोरडी आहे, तर झेन, दुसरा विचार नाही. झेननंतर बऱ्याच लोकांच्या नव्या नव्या गाड्या मी चालवून बघितल्या, भाच्याची, मित्राची, ऑफिसची, सगळ्या जास्त ताकदीच्या, जास्त सुरक्षित, जास्त शांत, पण स्टेअरिंग हातात घेतल्यावर रस्ता हातात येणारी एकही नाही. पण माझं घर मयेत आहे, माझा रस्ता फेरीवरून जातो, वर्षातले चार महिने पाऊस आहे, आणि मागच्या सीटवर आई आहे. या चार गोष्टी समोर ठेवल्या की उत्तर सॅन्ट्रो येतं आणि मी ते मान्य केलंय, बायकोला तसं स्पष्ट सांगितलंय. जो माणूस एकटा आहे आणि फोंड्याहून बोरीच्या चढावरून मडगावला जातो त्याचं उत्तर दुसरं असेल, आणि ते पण बरोबर असेल. म्हणूनच सगळ्या सारख्या हे वाक्य मला लागलं. लोकांनी काढायची तर काढावी, पण काय काढतोय ते कळून काढावी, आणि कोणाला सेकंडहॅन्ड घ्यायची असेल तर नाव आणि साल बघून नाही, आपला रस्ता कुठला, आपल्यासोबत बसणार कोण, हे बघून घ्यावी. आपल्या पुरवणीत या बाजूने पण एखादा लेख यावा, वेगवेगळ्या जुन्या गाड्या आपल्याकडच्या घाटात, फेरीत, पावसात कशा चालतात ते वापरणाऱ्यांकडूनच लिहून घ्यावं, ही विनंती.

सॅन्ट्रोची फी डिसेंबरात भरणार हे नक्की. झेनचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. इंजिन, गिअर, सस्पेन्शन सगळं चांगलं आहे, प्रश्न पत्र्याचा आहे, खाऱ्या हवेत आणि फेरीच्या चिखलात तीस वर्षं काढलेली गाडी, वरून रंग लावता येतो पण खालचा पत्रा, मागच्या चाकांजवळचा, जिथे सस्पेन्शन पकडलेलं असतं तिथला, तो खाल्ला गेला असेल तर ती गाडी वळणावर घालणं योग्य नाही, मग ती कितीही चांगली वळत असली तरी. चवथ झाली की मेस्त्री ती वर चढवून हातोडीने ठोकून बघणार आहे. पत्रा खणखणीत वाजला तर मुलाची गाडी फणसाखाली उभी राहील आणि नोव्हेंबरात झेनचे आणखी १०,००० भरायचे, असं बायको स्वतःहून म्हणालीय.

आपला,
एक वाचक
मये, डिचोली